दार तोडतो दया, पण सांगतो एसीपी

जानेवारी १९९८. सोनी टीव्हीवर 'सीआयडी' सुरू झाली तेव्हा शिवाजी साटम ४७ वर्षांचे होते. हिंदीत ४७ म्हणजे बापाचे रोल यायला लागतात ते वय, आणि ते आलेही, पुढच्याच वर्षी 'वास्तव'मध्ये ते संजय दत्तचे वडील झाले, आता दत्त १९५९ चा आणि साटम १९५० चे, म्हणजे बाप-लेकात अंतर नऊ वर्षांचं. पण टीव्हीवर मात्र हाच माणूस हिरो होता. आणि साधा हिरो नाही, पिस्तूल घेऊन गुन्हेगाराच्या मागे लागणारा एसीपी प्रद्युम्न.

(पहिल्या वर्षातल्या क्लिप्स, एसीपी गाडीतून उतरतोय, जिना चढतोय)

सिरीयल किती टिकेल हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसणार. ती टिकली २० वर्षं, १५४७ एपिसोड. आता विचार करा, सुरुवातीला ४७ चा असलेला माणूस ती संपेपर्यंत ६८ चा होतो, डाय लावा नाहीतर नका लावू, जिना तेवढाच उंच राहतो. मग ६८ वर्षांच्या हिरोला घेऊन मारामारीची सिरीयल चालवायची कशी? आजचा व्हिडिओ यावरच आहे.

थोडं मागे जाऊ. सिरीयल बनवणारे बी. पी. सिंग, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून कॅमेरा शिकलेले आणि मुंबई दूरदर्शनमध्ये न्यूज कॅमेरामन म्हणून काम केलेले. त्यांनी 'सीआयडी'च्या बऱ्याच आधी दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' केली होती, पोलिस तपासाचीच सिरीयल, आणि त्यातही इन्स्पेक्टर कोण तर शिवाजी साटम. ज्यांनी ती तेव्हा बघितलीय त्यांना एसीपी प्रद्युम्न नवा वाटलाच नसेल. आपलाच इन्स्पेक्टर, प्रमोशन घेऊन हिंदीत गेलेला.

आणि साटम स्वतः कोण? सेंट्रल बँकेतले. त्या पिढीचं हे ठरलेलंच असायचं बघा, दिवसा बँकेत नाहीतर एलआयसीत नाहीतर रेल्वेत आणि संध्याकाळी तालीम. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरींनी त्यांना हेरलं, बाळ धुरी म्हणजे 'रामायण'मधले दशरथ, आणि 'संगीत वरद' या नाटकात घेतलं. मी हे सांगतोय कारण साटम एकट्याने सीन खाऊन टाकणारे नट कधीच नव्हते. स्पर्धेच्या नाटकात समोरच्याला वाक्य द्यावं लागतं आणि त्याचं वाक्य घ्यावंही लागतं, नाहीतर प्रयोग पडतो. ही सवय त्यांना पुढे कुठे उपयोगी पडली ते बघा.

(क्लिप : हवेत गोल फिरणारी बोटं, "कुछ तो गड़बड़ है")

हा हात. तळवा अर्धा उघडा, बोटं हवेत फिरतायत, डोळे कुठेतरी तिसरीकडेच, आणि टीममधले चार-पाच जण गप्प उभे, साहेबांचं काय चाललंय ते बघत. मिमवाल्यांनी याची पार वाट लावली ते सोडा, पण सीन म्हणून बघा. हिरो धावत नाहीये, मारत नाहीये, फक्त विचार करतोय, आणि तो विचार आपल्याला दिसतोय. या हाताला वय नाही. ४७ ला जसा फिरतो तसाच ७५ ला.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर अख्खी सिरीयल उभी आहे.

(क्लिप : बंद दार, बाहेर टीम)

अरुंद पॅसेज. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून पिस्तुलं काढून उभे असलेले लोक. एकदा बेल वाजवून झालीय, एकदा दार ठोठावून झालंय. एसीपी दाराकडे बघतो, मग टीममधल्या इन्स्पेक्टर दयाकडे बघतो. "दया, दरवाज़ा तोड़ दो." दया एक पाऊल मागे जातो आणि पुढच्या सेकंदाला कडी निखळून दार आत.

या सीनमधला सगळ्यात फेमस डायलॉग साटम यांचा आहे, पण नाव त्यात दयाचं आहे आणि लाथही दयाची. सांगा बरं, सीन कोणाचा? वीस वर्षं लोक टाळ्या वाजवतायत पण कोणासाठी ते ठरत नाही, आणि ते ठरत नाही म्हणूनच दोघंही टिकले. दयाचं काम करणारे दयानंद शेट्टी हे मुळात खेळाडू, थाळीफेकवाले, सहा फुटाच्या वरचा गडी. त्याच्याशी अंगाने स्पर्धा करायला गेला असता तर एसीपी दोन वर्षांत हास्यास्पद झाला असता. त्याऐवजी काय झालं, अंगाचं काम दयाकडे गेलं आणि हुकूम एसीपीकडे राहिला. थप्पड दयाची, आणि थप्पड खाऊन पोपटासारखा बोलायला लागलेल्या माणसाला "अब तो तुम्हें फांसी होगी" हे ऐकवायचं काम एसीपीचं. (फाशी द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं, पण 'सीआयडी'त कोर्टाला कोण विचारतो.)

तिसरा अभिजीत, म्हणजे आदित्य श्रीवास्तव. ते १९९८ ला एका एपिसोडमध्ये गुन्हेगार म्हणून येऊन गेले होते, नंतर सीनियर इन्स्पेक्टर म्हणून आले ते कायमचे. त्याआधी इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणून आशुतोष गोवारीकर होता, हो, 'लगान'वालाच. श्रीवास्तव म्हणजे 'सत्या'तला इन्स्पेक्टर खांडिलकर, 'ब्लॅक फ्रायडे'तला बादशाह खान, कॅमेऱ्यासमोर काहीही न करता दहशत बसवणारा नट. याच्याकडे आलं डोकं. म्हणजे चौकशी, संशय, धागे जोडणं, जे काम आधी एकटा एसीपी करायचा त्यातलं निम्मं. आता हे कुठल्याही हिरोला टोचलं असतं. माझ्यापेक्षा १८ वर्षांनी लहान मुलगा केस सोडवतोय आणि मी नुसता मागे उभा? पण जुने एपिसोड बघताना एक गोष्ट सारखी दिसते, अभिजीत काहीतरी शोधून काढतो तेव्हा साटम त्याच्याकडे नीट वळून बघतात, अर्धा सेकंद थांबतात आणि मगच पुढचं वाक्य बोलतात. त्या अर्ध्या सेकंदामुळे अभिजीत हुशार वाटतो आणि एसीपी साहेब वाटतो. बँकेच्या स्पर्धेतला नट म्हटलं ना मघाशी, ते हे.

आणि सगळेच लहान असते तर साहेब फारच म्हातारा दिसला असता, म्हणून लॅबमध्ये डॉक्टर साळुंखे. नरेंद्र गुप्ता. हा एकच माणूस असा की जो एसीपीला टोमणे मारू शकतो, "बॉस, रिपोर्ट यायला वेळ लागतो" टाइप, आणि एसीपीही त्याला सोडत नाही. डेड बॉडी मध्ये पडलीय आणि दोन वयस्कर माणसं तिच्यावरून भांडतायत. मला विचाराल तर दाराच्या सीनपेक्षा हे सीन जास्त भारी आहेत.

टीमची ही वाटणी किती मुरली होती याचा पुरावा म्हणजे ७ नोव्हेंबर २००४ चा एपिसोड. १११ मिनिटं, एक शॉट, मध्ये कट नाही. कोणी वाक्य विसरलं किंवा चुकीच्या दाराने आत आलं की पहिल्यापासून सगळं. गिनीजमध्ये नोंद झाली त्याची. लोक त्यात कॅमेऱ्याचं कौतुक करतात आणि ते बरोबरच आहे, पण १११ मिनिटं एक नट फ्रेममधून बाहेर पडताना दुसऱ्याकडे सीन सोपवत राहतो, ती नाटकाची तालीम आहे राव.

वय झालेल्या हिरोचं काय करायचं हा प्रश्न काही आपल्याकडेच आला असं नाही. अमेरिकेत 'मर्डर, शी रोट'मध्ये अँजेला लॅन्सबरी साठी उलटलेली, कामाचा लोड झेपेना, तर १९८९ ते ९१ च्या सीझन्समध्ये काही एपिसोड असे केले की ती सुरुवातीला येते, गोष्ट सांगते, केस दुसराच कोणीतरी सोडवतो, शेवटी ती परत येते. बाईंना आराम मिळाला, पण प्रेक्षकाला कळायचं की आज बाई सुट्टीवर आहेत. 'सीआयडी'त एसीपी एखाद्या एपिसोडला जेमतेम चार सीनमध्ये असला तरी ते जाणवायचं नाही, कारण फोन साहेबांना जायचा आणि सगळे "सर" म्हणत त्यांच्याकडेच यायचे.

ऑक्टोबर २०१८ ला सिरीयल थांबली. त्यानंतरचा काळ साटम यांना सोपा गेला नसावा. ऑफर फारशा येत नाहीत आणि येतात त्या पुन्हा पोलिसाच्याच, असं ते मुलाखतीत सरळ बोलले होते. ज्या माणसाने 'उत्तरायण'मध्ये म्हातारपणातलं प्रेम इतकं अलगद केलंय, मुलाने दिग्दर्शित केलेला 'हापूस' केलाय, त्याला इंडस्ट्री फक्त खाकीत बघते. दुसऱ्यांना जागा देत देत मोठा झालेला नट, आणि एकटा पडल्यावर त्याला जागा द्यायला कोणी नाही. मग डिसेंबर २०२३ ला टीममधल्या फ्रेडीचं काम करणारे दिनेश फडणीस गेले, ५७ वर्षांचे. टीममधला सगळ्यात हसरा माणूस.

(क्लिप : २०२४ चा प्रोमो, पाऊस)

२१ डिसेंबर २०२४ ला सिरीयल परत आली. या वेळी मेन ट्रॅक काय, तर दया विरुद्ध अभिजीत. प्रोमोतच अभिजीत दयावर गोळी झाडतो. म्हणजे लेखकांनी स्पॉटलाइट आता उघडउघड दोघांकडे दिला, आणि एसीपी दोन भांडलेल्या भावांच्या मधला बाप झाला. हे जमलं होतं. सांगतो का, एसीपीने स्वतःच्या मुलाला, नकुलला, गोळी घातल्याचा ट्रॅक जुन्या प्रेक्षकाच्या डोक्यात पक्का आहे, त्यामुळे साटम नुसते दोघांकडे बघत उभे राहिले तरी मागचं सगळं आठवतं.

आणि मग एप्रिल २०२५. बॉम्बस्फोट, खलनायक तिग्मांशू धुलिया, आणि एसीपी प्रद्युम्न संपला. चॅनेलने श्रद्धांजलीची पोस्टसुद्धा टाकली, १९९८ ते २०२५ असं लिहून. पंधरा-सोळा दिवसांवर साटम यांचा ७५ वा वाढदिवस होता, आणि लोक खऱ्या माणसाचं काही झालं की काय म्हणून हादरले. असली पोस्ट टाकायची अक्कल कोणाची होती देव जाणे. साटम शांत होते, मी सुट्टीवर आहे, पुढचं मेकर्सना माहीत, एवढंच.

नवीन एसीपी आला, आयुष्मान, पार्थ समथान, तिशीतला. त्याच्यावर लोकांनी जो राग काढला तो मला अन्याय वाटतो, कारण चूक त्याच्या ॲक्टिंगची नव्हती, गणिताची होती. पंचावन्न वर्षांच्या दयाला तिशीतला मुलगा कसा म्हणणार, जा, दार तोड? अभिजीत त्याला "सर" म्हणतो ते ऐकायलाच कसंतरी वाटायचं. साटम यांची खुर्ची रिकामी केली की नुसती खुर्ची रिकामी होत नाही, बाकीच्यांची वयं उघडी पडतात. जोवर ७४ चा साहेब मागे उभा होता तोवर हे दोघं आपल्याला पोरंच वाटत होती.

पुढे कथेत वळण काढून प्रद्युम्नला परत आणलं. मेलेला माणूस जिवंत कसा झाला याच्या तपशिलात जाण्यात अर्थ नाही, 'सीआयडी' आहे ती.

आता जरा आकडे लावून बघा. आदित्य श्रीवास्तव १९६८ चे, दयानंद शेट्टी १९६९ चे. सिरीयल परत आली तेव्हा एक ५६ चा आणि दुसरा ५५ चा, म्हणजे १९९८ ला साटम जेवढ्या वयाचे होते त्याहून हे दोघं आठ-नऊ वर्षांनी मोठे. साहेबांचा प्रश्न लेखकांनी केव्हाच सोडवलाय, त्यांना एक खुर्ची, एक फोन आणि तो फिरणारा हात पुरतो. काळजी आता दयाच्या गुडघ्याची आहे, आणि दयाने "तोड रे" म्हणावं असा पोरगा त्या टीममध्ये मला तरी अजून दिसलेला नाही.