फी कशाची द्यायची?

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सकाळी फोटो काढताना एका मुलानं मला विचारलं, "काका, 4,500 रुपयांचा फोटोग्राफीचा ऑनलाइन कोर्स आहे. लावू काय?" कॅमेरा नवा, नोकरीही नवी. घाईत काहीतरी सांगून त्याची बोळवण करायला मन झालं नाही. मी स्वतः असे तीन कोर्स केलेत आणि तिन्हींनी वेगवेगळं शिकवलंय. त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आज तुमच्यासमोर मांडतो.

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, त्यांची फी दोन ऑर्डरींत निघते. मी बोलतोय ते आपल्यासारख्या हौशी माणसांबद्दल. आपण नोकरी, दुकान, शेती सांभाळून रविवारी पहाटे बाहेर पडतो. आपली फी घरखर्चातून जाते आणि परत येत नाही.

माझा पहिला कोर्स म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले व्हिडिओ. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफ 8 वरून एफ 5.6 वर आणलं की प्रकाश दुप्पट, शटर उघडा राहण्याचा वेळ सेकंदाच्या 1/125 वरून 1/250 केला की निम्मा. सगळं बरोबर होतं. पण हेच कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकेत असतं, यूट्यूबवर मराठीत असतं. स्टॅनफर्डमध्ये शिकवलेले प्राध्यापक मार्क लेव्हॉय यांनी डिजिटल फोटोग्राफीवरची आपली व्याख्यानं नेटवर फुकट ठेवलीत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये निकॉननं आपले फीचे कोर्स एप्रिलअखेरपर्यंत मोफत खुले केले होते. माहितीला तोटा नाही. नुसत्या माहितीसाठी मी आता एक रुपयाही देणार नाही.

शिवाय परदेशात बनवलेला व्हिडिओ आपल्या आभाळाखाली बनलेला नसतो. त्यात सांगतात, सूर्यास्ताआधी सोनेरी उजेड भरपूर वेळ मिळतो, निवांत काम करा. मी निवांत राहिलो आणि रंकाळ्यावरचा उजेड हातचा घालवला. कोल्हापूर सतराव्या अक्षांशाच्या जवळ. इथं सूर्य सरळ खाली उतरतो. मार्चमध्ये तो क्षितिजाच्या सहा अंश वर असल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम पंचवीस मिनिटं मिळतात. त्याच दिवशी लंडनमध्ये चाळीसेक मिनिटं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे तळ्यातला संध्यामठ कुठून घ्यायचा हे उजेड यायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. तसंच आपल्या पावसाचं. जून ते सप्टेंबर लेन्समध्ये बुरशी धरते, त्यावर त्या कोर्समध्ये अवाक्षर नव्हतं. कोर्सची फी भरण्याआधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या, हे मी कळकळीनं सांगतो.

आता दुसरा कोर्स. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो मी किती वर्षं काढत होतो! सासनकाठ्या नाचतायत, आभाळभर गुलाल, आणि माझ्या फोटोत माणसांच्या तोंडावर नुसता गुलाबी थर. कण दिसत नाहीत, सुरकुती दिसत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहावा तर ठीक. पहिल्या कोर्समधला एक्स्पोजरचा व्हिडिओ तीनदा पाहिला, उत्तर सापडलं नाही. मग सहा आठवड्यांचा वर्ग लावला. आम्ही दहाजण, दर बुधवारी रात्री झूमवर. फी पहिल्याच्या दुप्पट. तिसऱ्या बुधवारी शिकवणाऱ्या मॅडमनी माझा फोटो सगळ्यांसमोर उघडला आणि हिस्टोग्राममधले लाल, हिरवा, निळा वेगवेगळे करून दाखवले. लाल उजव्या कडेला जाऊन आदळला होता, हिरवा मात्र बराच मागे होता. त्या म्हणाल्या, "लाल भरून सांडलाय. तुम्ही बेरीज बघताय, म्हणून कळत नाही." एकूण उजेडाच्या आलेखात हिरव्याला सगळ्यात जास्त वजन असतं, त्यामुळे गुलालासारख्या रंगात तो आलेख फसवतो. पुढच्या यात्रेला मी उजेड एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा ठेवला, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढले. एका म्हाताऱ्या भाविकाच्या मिशीवरचे गुलालाचे कण मोजता येतील असा फोटो आला. तो घरी भिंतीवर लावलाय. त्या फीतला एकही पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या कोर्समध्येही "तुमचे फोटो तज्ज्ञ पाहतील" असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात दहा फोटो पाठवले, दहांवर "छान" एवढाच शेरा. दुसऱ्यांनाही तेच. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. त्याचा राग अजून आहे, कारण माझ्यानंतर किती नवशिके त्यात अडकले असतील. म्हणून फी भरण्याआधी विचारा: माझे फोटो कोण पाहणार, किती पाहणार, आणि एका वर्गात माणसं किती? उत्तर गुळमुळीत आलं तर भरू नका.

आपल्या गावात लगेच कुणीतरी म्हणतं, चित्रकार आणि सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर कुठल्या कोर्सला गेले होते? गेले नव्हते, खरंय. कॅमेरासुद्धा त्यांनी इथंच घडवून घेतला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पण बाबूराव एकटे नव्हते. 1916 पर्यंत भाऊ आनंदराव त्यांच्या बरोबरीनं रंगवत होते, सिनेमाच्या यंत्राशी झटत होते. आपल्या कामाकडे जाणत्या नजरेनं बघणारा माणूस त्यांना घरातच होता. कोल्हापुरात आपल्याला असं कुणी शोधलं तर सापडतं. पण गगनबावड्याकडे किंवा आजऱ्यात एकट्यानं फोटो काढणाऱ्याला कुठे सापडणार? त्याच्यासाठी दहाजणांचा तो बुधवारचा वर्ग फी देऊनही स्वस्त आहे. घर आणि लहान मुलं सोडून बाहेर पडता न येणाऱ्या बायकांचंही तसंच. आमच्या वर्गात तिघी होत्या, आणि सगळ्यात नेमानं फोटो त्याच पाठवायच्या.

त्या मुलाचा नंबर मी तेवढा घेऊन ठेवला होता. काल फोन केला. येत्या रविवारी पहाटे सहाला संध्यामठासमोर ये म्हटलं, आणि येताना आजवरचे पाच फोटो छापून आण, मोबाइलवर दाखवू नकोस. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. त्याचे बघू, मग तुमचेही बघू.