हंगाम झाला नाही

नमस्कार मंडळी. आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो लंबगोल चेंडू छातीशी कवटाळून पळण्याचा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा. ज्यांनी कबड्डीत पकड घातली आहे, त्यांना यातला दम सांगावा लागणार नाही. नियम एवढेच पुरेत. आज मला खेळापेक्षा एका संघाबद्दल बोलायचं आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेला ओरेगन राज्य आहे आणि सेलम ही त्याची राजधानी. तिथे मेथडिस्ट मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये एक शिक्षणसंस्था काढली. आज ती विलॅमेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. नावात युनिव्हर्सिटी असली तरी जीव छोट्या कॉलेजाचा. संघाचं नाव बेअरकॅट्स. त्यांचे प्रशिक्षक रॉय कीन, सगळे त्यांना ‘स्पेक’ म्हणायचे. १९२६ पासून हा माणूस तिथे होता. फुटबॉल त्यांच्याकडे, बास्केटबॉल त्यांच्याकडे, बेसबॉलही त्यांच्याकडेच. लहान कॉलेजात असंच असतं, हे तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना ठाऊक आहे. एका माणसाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात सगळी कुलुपं.

या संघाच्या चाळीसच्या दशकाकडे नुसत्या नोंदींतून पाहिलं तर फार काही हाती लागत नाही. १९४१ मध्ये नॉर्थवेस्ट कॉन्फरन्सचं, म्हणजे त्या भागातल्या कॉलेजांच्या साखळी स्पर्धेचं, अजिंक्यपद. १९४२ हा कीन यांचा शेवटचा हंगाम. १९४३ ते १९४५ कॉन्फरन्सची स्पर्धाच नाही. १९४६ मध्ये नवा प्रशिक्षक, नवी सुरुवात. संपलं. मला आज या नोंदींच्या मधल्या जागेत शिरायचं आहे.

१९४१ च्या चांगल्या हंगामाचं बक्षीस म्हणून संघाला हवाईचं आमंत्रण मिळालं. ओरेगनच्या पावसाळी खेड्यांतली, शेतांवर आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या घरांमधली मुलं, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बोटीचा प्रवास! ‘लर्लाइन’ नावाची प्रवासी बोट ३ डिसेंबरला होनोलुलूला लागली. बरोबर कॉलेजचे काही हितचिंतक होते, काही विद्यार्थिनीही होत्या. डग्लस मॅके नावाचे राज्याचे सिनेटर आणि त्यांची मुलगीही होती. हे मॅके पुढे ओरेगनचे गव्हर्नर झाले. उतरले सगळे वायकीकीच्या किनाऱ्यावरच्या मोआना हॉटेलात. तिकडे कॅलिफोर्नियाहून सॅन होजे स्टेटचा संघही आला होता. म्हणजे यजमान हवाई विद्यापीठ धरून तीन संघ. बेत असा, की ६ तारखेला विलॅमेट विरुद्ध हवाई, १३ ला हवाई विरुद्ध सॅन होजे, आणि १६ ला विलॅमेट विरुद्ध सॅन होजे.

शनिवारी, ६ तारखेला, पहिला सामना झाला. होनोलुलू स्टेडियमवर सुमारे २४,००० माणसं. सेलमच्या पोरांनी एवढी गर्दी कधी पाहिली असणार? हवाईने २० विरुद्ध ६ असा सामना जिंकला. आपण हरल्यावर जे होतं तेच त्या रात्री झालं असेल. कुठे चुकलो, कोणी पकड सोडली, याची उजळणी. उद्या रविवार, बेट बघायला जायचं.

रविवारी सकाळी सात पंचावन्नला पर्ल हार्बरवर, म्हणजे तिथल्या अमेरिकी नौदलाच्या तळावर, जपानी विमानांचे बॉम्ब पडायला लागले. मोआनापासून ते बंदर साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. मुलं हॉटेलसमोर सहलीच्या बसची वाट बघत होती. धूर दिसला, आवाज आले, समोर समुद्रात पाण्याचे उंच फवारे उडाले. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की आपल्याच सैन्याचा सराव चालला आहे. शांततेत वाढलेल्या माणसाला युद्ध ओळखू येत नाही, मंडळी. त्या सकाळी २,४०० वर अमेरिकन माणसं मेली.

बस आली नाही. ज्या ‘लर्लाइन’ने ही मुलं आली, ती ५ तारखेलाच परतीला निघाली होती आणि त्या क्षणी भर समुद्रात होती. म्हणजे परतीची वाटही बंद.

मग काय झालं? वायकीकीच्या किनाऱ्यावर काटेरी तारा पसरायच्या होत्या, तिथे हात लागत होते. हे हात मोकळे होते. डोंगराच्या पायथ्याशी पुनाहू नावाची जुनी शाळा आहे. बराक ओबामा पुढे ज्या शाळेत शिकले, तीच. लष्कराच्या इंजिनिअर दलाने ती रातोरात ताब्यात घेतली आणि तिच्या राखणीला विलॅमेटची मुलं उभी केली. हातात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रायफली. कित्येकांनी बंदूक फक्त शिकारीसाठी धरलेली, काहींनी तीही नाही. त्यात संपूर्ण काळोखाचा हुकूम. जपानी सैन्य आत्ता उतरेल की मग, या अफवांवर सगळं शहर जागं होतं. आदल्या दिवशी ज्यांच्या हातात चेंडू होता, ती पोरं झाड हललं तरी ओरडत होती, ‘कोण आहे तिकडे?’ सॅन होजेची मुलं होनोलुलूच्या पोलिसांबरोबर गस्तीला लागली, आणि त्यातली काही तर पोलिसांत राहिलीच. सोबत आलेल्या मुली इस्पितळांत गेल्या, भाजलेल्या खलाशांच्या शुश्रूषेला. या मुलींचा उल्लेख संघाच्या गोष्टीत ओझरता येतो. माझ्या मते त्या दिवसांत सगळ्यांत कठीण काम त्यांच्या वाट्याला आलं.

आता थोडं थांबून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला जाऊ या. पाहुण्या संघाची गोष्ट सांगताना यजमान विसरले जातात, ते मला पटत नाही. त्याच रविवारी हवाई विद्यापीठातल्या लष्करी प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनाही बोलावणं आलं. त्यांतली पुष्कळ मुलं जपानी आईबापांच्या पोटी हवाईतच जन्मलेली. त्यांच्याही हातात जुन्याच रायफली. शत्रूचे छत्रीधारी सैनिक सेंट लुईसच्या टेकडीवर उतरल्याची अफवा होती, तर ही मुलं तिथे तोंड द्यायला उभी राहिली. सेलमच्या पोरांनी एक शाळा राखली, तशी यांनीही आपलं शहर राखलं. आणि जानेवारी १९४२ मध्ये यांना सांगण्यात आलं, घरी जा. कारण एकच, आईबाप जपानी.

घरी बसली नाहीत ती मुलं. त्यांपैकी १६९ जणांनी अर्ज केला, की बंदूक नको तर नको, फावडं द्या, पण काम द्या. फेब्रुवारीपासून त्यांनी लष्करासाठी रस्ते खणले, दगड फोडले. त्यांच्यातले बरेच पुढे जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये जाऊन युरोपात लढले. इकडे ओरेगनमध्येही तेच चाललं होतं. १ जानेवारी १९४२ चा रोझ बाउल, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा दरवर्षीचा मानाचा सामना, किनाऱ्यावर हल्ल्याची भीती म्हणून कॅलिफोर्नियातून हलवून देशाच्या दुसऱ्या टोकाला डरहॅमला नेला. ओरेगन स्टेट संघ तिथे गेला आणि जिंकला. पण त्यांच्यातल्या जॅक योशिहारा या जपानी वंशाच्या खेळाडूला प्रवासाची परवानगी मिळाली नाही. पुढे त्याला मिनिडोकाच्या छावणीत कुंपणाआड ठेवलं. एकाच राज्यातल्या दोन पोरांपैकी एकाच्या हाती बंदूक दिली आणि दुसऱ्याभोवती तार घातली. हे सांगितल्याशिवाय मला ही गोष्ट पुढे नेता येत नाही.

असो. विलॅमेटकडे परत येऊ. १९ डिसेंबरला ‘प्रेसिडेंट कूलिज’ नावाची बोट जखमींना घेऊन निघणार होती. जागा नव्हती. कीन यांनी शब्द टाकला: माझी मुलं जखमींची सेवा करतील, त्यांना घेऊन चला. सुमारे सव्वाशे जबर जखमी बोटीवर होते. मुलं तळाशी कोंदट जागेत झोपली आणि पाळीपाळीने वर जाऊन भाजलेल्यांना भरवू लागली, त्यांची बेडपॅन उचलू लागली. बोट बुडायची वेळ आली तर या माणसांना उचलून होडीत ठेवायचं, हेही त्यांच्यावरच सोपवलेलं. पाणबुड्यांच्या भीतीने बोट नागमोडी चालली होती. ऐन नाताळच्या दिवशी, २५ तारखेला, ती सॅन फ्रान्सिस्कोला लागली. १६ तारखेचा सॅन होजेबरोबरचा सामना अर्थातच झाला नव्हता.

पुढचं भराभर सांगतो. जवळजवळ सगळा संघ सैन्यात गेला. नोव्हेंबर १९४२ मध्ये भरतीचं वय विसावरून अठरावर आलं, आणि लहान कॉलेजांची मैदानं ओस पडली. नौदलाने जुलै १९४३ पासून व्ही-ट्वेल्व्ह नावाची अधिकारी-प्रशिक्षणाची योजना १३१ शिक्षणसंस्थांत सुरू केली. विलॅमेटही त्यात होतं. ती नसती तर बऱ्याच छोट्या कॉलेजांना टाळंच लागलं असतं. वसतिगृहं भरली ती नौदलाच्या पैशावर. नौदल आपल्या प्रशिक्षणार्थींना कॉलेजसाठी खेळू द्यायचं, भूदल देत नव्हतं. त्यामुळे कुठल्या कॉलेजात कोणाची तुकडी आली, यावर तिथला फुटबॉल जगणार की नाही हे ठरलं. कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये नौदलाची मुलं आली आणि तिथल्या ८१ वर्षांच्या अमोस अलोंझो स्टॅग यांना १९४३ चे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवलं गेलं. विलॅमेटच्या नशिबात तसं काही नव्हतं.

मग १९४६. सरकारी खर्चाने शिकायला परतलेले सैनिक. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत प्रवेश घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. अठरा वर्षांच्या नवख्या मुलाशेजारी पंचविशीचा, लग्न झालेला, रात्री दचकून उठणारा गडी एकाच रांगेत सरावाला उभा. अशा माणसाला ‘लढा’ म्हणून ओरडायचं तरी कसं? मी स्वतः मुलांना खेळ शिकवला आहे, म्हणून हा प्रश्न मला छळतो.

होनोलुलूला गेलेल्या त्या संघात टेड ऑगडाल नावाचा एक हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी, होता. तो सैन्यातून परतला, आणि १९५२ मध्ये विलॅमेटने त्याच्याच हाती संघ दिला. १९७१ पर्यंत, वीस हंगाम, तो तिथेच मैदानाच्या कडेला उभा राहून मुलांना शिकवत होता.