नर्सिंगला जायचंय, मग हिस्टरी कशाला?

नमस्कार मंडळी. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातून बोलतेय. सकाळचा चहा झाला नसेल तर घेऊन बसा, आजचा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि त्यावर बोलायचं कधीपासून मनात होतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भिशीला एक मैत्रीण आली होती, वय ४२, पुण्याची बीकॉम, दोन्ही मुलं आता शाळेत जाणारी. मला बाजूला घेऊन म्हणाली, अगं मला नर्सिंगला जायचंय, कम्युनिटी कॉलेजात जाऊन आले, पण काउन्सेलरने जी लिस्ट दिलीय ना त्यात अमेरिकन हिस्टरी आहे, बीपी मोजायला हिस्टरी कशाला लागते गं? तेव्हा तिला धड उत्तर देता आलं नाही, पानं वाढायची घाई होती. नंतर फोनवर तासभर बोललो. तेच आज तुम्हाला सांगतेय, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे अजूनही कित्येकांना वाटतं की ज्यांना चांगल्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळत नाही ते तिथे जातात. तसं अजिबात नाही, ही दोन वर्षांची, कमी फीची सरकारी कॉलेजं आहेत. शिकागोजवळ जोलिएट नावाचं गाव आहे, नेपरव्हिलला राहणाऱ्यांना माहीत असेल, तिथे १९०१ साली असं पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, तेव्हा यांनाच ज्युनिअर कॉलेज म्हणायचे) सुरू झालं, विद्यार्थी होते फक्त सहा. पुढे दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परत आले, त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायचा असा कायदा १९४४ ला झालेलाच होता, आणि गावोगावी अशी कॉलेजं वाढत गेली. आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. राज्याचे रहिवासी असाल तर फी युनिटला, म्हणजे कोर्स मोजायच्या मापाला, ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरला, वर पुस्तकं आणि किरकोळ फी. आणि एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, असाल तरी शिकता येतं बरं का, त्यासाठी वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही. नोकरीचं परमिट ही वेगळी गोष्ट, पण शिकायला कोणी अडवत नाही. मी स्वतः एच-४ वर असतानाच सुरुवात केली, त्याआधीची तीन वर्षं घरात बसून गेली याचं मला आजही वाईट वाटतं, कारण हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आता हेल्थ केअरचे कोर्स. सगळ्यात छोटा सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट), म्हणजे नर्सच्या हाताखाली पेशंटला आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, बीपी-ताप बघणं. देशभरासाठी किमान ७५ तासांचं ट्रेनिंग आहे, कॅलिफोर्नियात १६० तास, त्यातले १०० तास प्रत्यक्ष पेशंटजवळ. मग फ्लेबॉटॉमी, रक्त काढायचं काम, त्याला कॅलिफोर्नियात राज्याचं लायसन्स लागतं आणि ट्रेनिंगमध्ये किमान ५० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोटातून रक्त काढून दाखवावं लागतं. एक्स-रे टेक्निशियन, रेस्पिरेटरी थेरपी, डेंटल हायजीन, हे सगळं कम्युनिटी कॉलेजात आहे, आमच्या इथल्या फुटहिल कॉलेजात आहे, नर्सिंग डी अँझाला आहे. एक सांगून ठेवते, जाहिरात बघून खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये पैसे भरायच्या आधी जवळचं कम्युनिटी कॉलेज बघा. मी ही चूक केली, एका ठिकाणी भरपूर पैसे भरले आणि क्लिनिकलसाठी, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटजवळच्या ट्रेनिंगसाठी, त्यांच्याकडे जागाच नव्हती, ते पैसे गेले ते गेलेच.

आणि नर्सिंग. दोन वर्षांत नर्स होता येतं ही कल्पनाच कम्युनिटी कॉलेजातून वाढली. पूर्वी इथे नर्सिंग शिकायचं तर बहुतेक मुली हॉस्पिटलच्याच शाळेत तीन-तीन वर्षं असायच्या आणि शिकण्यापेक्षा वॉर्डात फुकट राबणंच जास्त व्हायचं. महायुद्धानंतर नर्सेस कमी पडायला लागल्या तेव्हा कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या टीचर्स कॉलेजातल्या मिल्ड्रेड माँटॅग या बाईंनी मांडलं की मुलींना कॉलेजात नीट शिकवा, दोन वर्षांत शिकवून होईल, आणि १९५२ पासून काही ज्युनिअर कॉलेजांत तो प्रयोग सुरू झाला. आज दोन वर्षांची असोसिएट डिग्री घ्या नाहीतर चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, लायसन्सची परीक्षा एकच, एनक्लेक्स. फक्त प्रोग्रॅमला अर्ज करायच्या आधी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी लॅबसकट करावं लागतं आणि जागा थोड्या, त्यामुळे धीर धरायची तयारी ठेवा.

बरं, मग हिस्टरी. पुढे कधी कॅल स्टेटला, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, बीएसएनसाठी जायचं तर अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना करावीच लागते, म्हणून काउन्सेलर ते आधीच लिस्टमध्ये घालतात. मीसुद्धा म्हणूनच घेतली होती, संध्याकाळचा क्लास, सात ते दहा, मुलांना जेवायला वाढून पळत जायचे. शाळेत आपण शिवाजी महाराज शिकलो, पेशवाई शिकलो, टिळक शिकलो, पण ज्या देशात आता आपली पोरं वाढतायत त्याचा इतिहास मला शून्य माहीत होता.

त्या क्लासमध्ये एका आठवड्याला टस्कीगी आलं. अलाबामात सरकारच्याच आरोग्य खात्याने १९३२ साली ६०० काळ्या पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता आणि त्यांना तो आजार आहे हे सांगितलंच नाही, तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतोय एवढंच सांगितलं. १९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाला तरी त्यांना ते दिलं नाही, माणसं मरत राहिली, बायकांना लागण झाली, आणि हे १९७२ मध्ये पेपरात छापून येईपर्यंत चालू होतं. ४० वर्षं! मी त्या रात्री गाडीत बसून राहिले, लगेच गाडी सुरूच करवेना.

आणि त्याच सुमाराला माझं फ्लेबॉटॉमीचं क्लिनिकल चालू होतं. एक आजोबा आले, काळे, ऐंशीच्या पुढचे, लहानपणी लुइझियानाहून इथे आलेले, वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या रिचमंडच्या जहाज कारखान्यात होते. त्यांनी हात पुढे केला आणि विचारलं, एवढ्या ट्यूब कशाला? प्रत्येक ट्यूबचं सांग. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, हे नेहमी असेच करतात, डिफिकल्ट आहेत. दोन आठवड्यांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं, खरं सांगते. पण मी स्टूल ओढून बसले आणि एकेक ट्यूब त्यांच्या हातात दिली. ही निळी आहे ना, ही आधी भरायची, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते यात बघतात. ही सोनेरी झाकणाची, यात किडनी-लिव्हरच्या टेस्ट. ही जांभळी, यात रक्तपेशी मोजतात. याशिवाय दुसरं काहीही यातून करणार नाही, डॉक्टरांचा कागद हा बघा. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, सगळा वाचला, मग म्हणाले, हं, घे. चार मिनिटं लागली असतील. तो माणूस डिफिकल्ट नव्हता हो, तो सावध होता, आणि त्याच्या पिढीला सावध राहायला कारणं होती. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्या माणसांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झाला १ जुलै १९६६ ला, त्याआधी दक्षिणेत कितीतरी हॉस्पिटलांत काळ्या पेशंटचे वॉर्ड वेगळे असायचे किंवा त्यांना घेतच नसत. भेदभाव कराल तर मेडिकेअरचे पैसे नाहीत, असं सरकारने बजावल्यावर काही महिन्यांत ते चित्र बदललं. म्हणजे हा माणूस तरुण होईपर्यंत त्याचे गावाकडचे नातेवाईक त्याच वॉर्डांत होते. हे पेशंटच्या चार्टवर कुठे लिहिलेलं नसतं.

आणि रिचमंडवरून आठवलं, आपल्यातल्या कितीजणांच्या पाकिटात कायझरचं, म्हणजे विमा आणि दवाखाने एकत्र असलेल्या संस्थेचं, कार्ड आहे, त्या कायझरच्या दवाखान्याची योजना त्या जहाज कामगारांसाठीच मोठी झाली आणि १९४५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. मी कार्ड कित्येक वर्षं वापरत होते, हे क्लासमध्ये कळलं.

१९४२ चंही सांगते. आज आपण सॅन होजे, क्युपर्टिनोला जिथे राहतो तिथे तेव्हा फळबागा आणि भाजीचे मळे होते, त्यात जपानी कुटुंबं राबत होती. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर सरकारने त्यांना घरं सोडून छावण्यांत जायला लावलं, पश्चिम किनाऱ्यावरची सगळी मिळून जवळपास १,२०,००० माणसं, त्यातली बहुसंख्य इथलीच नागरिक. आपल्या व्हॅलीतले बरेच जण वायोमिंगला हार्ट माउंटन नावाच्या छावणीत गेले. माफी मिळाली १९८८ मध्ये. तेव्हाची लहान मुलं आज नर्सिंग होममध्ये आहेत, आपण सीएनए म्हणून ज्यांना उठवून बसवतो ना, त्यांत ती असू शकतात.

आणि या इतिहासात आपणही आहोत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या, न्यू जर्सीत रोझेलला त्यांच्या अमेरिकन स्नेही कार्पेंटर बाईंच्या घरी राहिल्या, १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या, पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, वयाची २२ वर्षंसुद्धा पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या, त्या न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी गावी आहेत. ईस्ट कोस्टच्या मंडळींनो, गाडीने जाण्यासारखं अंतर आहे, मुलांना घेऊन जा.

तर माझ्या मैत्रिणीने फॉलला, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सेमिस्टरला, दोन कोर्स घेतले, ॲनाटॉमी आणि हिस्टरी. ॲनाटॉमीची हाडं पाठ करताना रडकुंडीला आलीय, पण सोडलेलं नाही. परवा रात्री दहाला तिचा फोन आला. क्लास १९४२ पर्यंत पोहोचलाय आणि तिच्या शेजारी एक जपानी आजी एकट्या राहतात, आठ वर्षं नुसतं हाय-हॅलो चालू आहे. मला म्हणाली, त्यांना विचारू का गं, तुम्ही तेव्हा कुठे होतात म्हणून?

मी म्हटलं, पहिल्याच दिवशी विचारू नकोस. काहीतरी गोड कर, डबा घेऊन जा, आणि बसायला सांगितलं तर बस.