एका कंपनातून दुसऱ्या कंपनात

(दृश्य: हुकाला टांगलेली स्प्रिंग, खाली वजन)

ही स्प्रिंग 15 सेंटिमीटर लांब आहे. वजन लावल्यावर ती ताणून 20 सेंटिमीटर होते. आता वजन सरळ खाली ओढायचं, सोडायचं आणि नुसतं बघत राहायचं.

वर-खाली, वर-खाली... हळूहळू ते मंदावतं आणि वजन लंबकासारखं झुलायला लागतं! कुणी ढकललं नाही. थोड्या वेळानं झुलणंही ओसरतं आणि पुन्हा वर-खाली सुरू होतं.

एका झोक्यात स्प्रिंग बरोबर दोनदा वर-खाली व्हावी, म्हणून ही लांबी निवडली आहे. नागपंचमीला उभ्यानं झोका चढवणाऱ्या मुली आठवा. प्रत्येक झोक्याला त्या दोनदा गुडघ्यात वाकून उठतात. सोडताना हात किंचित तिरका झाला, तरी एवढ्यावर झोका चढत जातो. सोव्हिएत शास्त्रज्ञ विट आणि गोरेलिक यांनी 1933 मध्ये याचं गणित मांडलं. रेषीय गणितात, म्हणजे परिणाम कारणाच्या सरळ प्रमाणात धरला तर, ही दोन कंपनं एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांची गाठ घालून देतात ती अरेषीय पदं, म्हणजे समीकरणातले हे सरळ प्रमाण मोडणारे भाग.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झचा नादकाटा)

गाडी घसरू नये म्हणून काही मोटारींत बसवलेला गायरोस्कोप, म्हणजे वळण मोजणारं उपकरण, असा दिसतो. चाक नाही, आस नाही. दाब दिला की क्वार्ट्झवर विद्युतभार येतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलटंही खरं: वीज दिली की क्वार्ट्झ हलतो. म्हणून विजेवर नादकाट्याचे हे दोन दांडे एकमेकांजवळ येतात, दूर जातात. गाडी वळली की कोरिऑलिस बल, म्हणजे फिरणाऱ्या गोष्टीत हलत्या वस्तूला जाणवणारं बल, त्यांना काटकोनात ढकलतं, एकाला पुढे, दुसऱ्याला मागे. वळण जितकं वेगानं, तितकं हे दुसरं कंपन मोठं. त्याचा विद्युतभार मोजायचा. म्हणजे एका कंपनातली ऊर्जा दुसऱ्यात किती गेली, हेच गाडीचं वळणं!

हे दुसरं कंपन अतिशय क्षीण असतं. मग दांडे जोरात हलवावेत, असं कुणालाही वाटेल. पण जोर वाढला की दांड्यांची वारंवारताच सरकते. पुढे तर कंपन एकदम उडी मारून लहान होतं. जर्मन अभियंते गेओर्ग डफिंग यांनी 1918 मध्ये अशाच कंपनांवर पुस्तक लिहिलं होतं. शिवाय नादकाट्याच्या एखाद्या भलत्याच कंपनाची वारंवारता चालत्या कंपनाच्या निम्मी निघाली, तर आपल्या स्प्रिंगसारखी ऊर्जा तिकडे झिरपते. कितीही वीज द्या, दांडे आणखी जोरात हलत नाहीत आणि मोजमाप बिघडतं.

काही संशोधकांनी मात्र हेच झिरपणं कामाला लावायचं ठरवलं. मला ही कल्पना फार देखणी वाटते. मोजायच्या कंपनाची वारंवारता ते मुद्दाम चालवणाऱ्या कंपनाच्या निम्मी ठेवतात. एरवी चालवणाऱ्या विजेची गळती मोजणाऱ्या तारेत शिरते आणि क्षीण संकेत बुडवते. इथे विजेचा सूर वेगळा, ऐकायचा सूर त्याच्या निम्मा. दोन्ही वेगळे काढता येतात.