भूपाचा गंधार आणि टर्नटेबलची निवड

नमस्कार मंडळी. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "उत्तम टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) कोणतं?" मी आधी विचारतो, "तुमच्या घरात वाजतं काय?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांकडे बैठक जमली होती. त्यांच्याकडे पट्ट्यावर चालणारं, म्हणजे बेल्ट ड्राइव्ह, चांगलं महागाचं टर्नटेबल होतं. आधी दरबारी रागाची रेकॉर्ड लावली. त्यातला कोमल गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, असा काही डोलत होता की सगळे माना हलवत होते. मग किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला, आणि तिथेही गंधार डोलायला लागला! दरबारीच्या गंधाराला आंदोलन, म्हणजे संथ झोका, असतो, भूपाच्या गंधाराला नसतो. तो समईच्या ज्योतीसारखा सरळ उभा राहायला हवा. नीट कान दिला तर मागचा तानपुराही हलत होता. पट्टा जुना होऊन सैल पडला होता, आणि दरबारीने तो दोष आमच्यापासून लपवला होता. तेव्हापासून मी कुठलंही टर्नटेबल भूप लावूनच पारखतो. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांनी पियानो लावावा. पियानोच्या सुरालाही डोलता येत नाही.

आपल्या संगीतात तानपुरा सतत चालू असतो. रॉकच्या रेकॉर्डमध्ये वेग जरासा हलला तर ड्रम-गिटारच्या गलक्यात तो खपून जातो. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, मागे उभाच असतो, त्यामुळे सगळं लगेच उघडं पडतं. म्हणून ख्याल ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी मागाव्यात: वेग स्थिर हवा आणि मागे शांतता हवी.

शांततेसाठी पट्टा चांगला. मोटर बाजूला असते, तिची थरथर रबर गिळून टाकतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या लिन कंपनीचं एलपी १२ हे पट्ट्याचं टर्नटेबल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. त्यात थाळी (रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती) आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) स्प्रिंगांवर तोललेले असतात. विलंबित ख्यालाची पहिली आलापी त्यावर ऐकावी. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणकार, कानाशी आल्यासारखी वाटते. पण तेच यंत्र पेठेतल्या जुन्या वाड्यात, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर ठेवा. घरातलं कुणी स्वयंपाकघराकडे चालत गेलं की स्प्रिंगा हिंदकळतात आणि सुई उडते. अशा घरात भिंतीत पक्की ठोकलेली फळी आणि तिच्यावर रेगा प्लॅनर ३ सारखं हलकं, बिनस्प्रिंगांचं यंत्र जास्त सुखाचं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार भोगली गेली आहे. एलपी १२ च्या जुन्या यंत्रांतली मोटर थेट विजेच्या वारंवारतेवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या तिच्या आवर्तनांवर, चालायची. ५० हर्ट्झ असेल तर वेग बरोबर. नव्वदच्या दशकात आपल्याकडे वारंवारता ४९ च्याही खाली जायची. ५० ची ४९ झाली की वेग दोन टक्क्यांनी पडतो, आणि दोन टक्के म्हणजे अर्धस्वराचा (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा) साधारण तिसरा हिस्सा. नुसतं ऐकणाऱ्याला ते कळलं नसेल. पण रेकॉर्डबरोबर पेटी काढून रियाज करणाऱ्या मुलांना कळायचं. आपलीच पेटी बिघडली असं त्यांना वाटायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

अशा मुलांना मी डायरेक्ट ड्राइव्ह सुचवतो. यात पट्टा नाही, थाळी मोटरच्या दांड्यावरच बसते. टेक्निक्स या जपानी कंपनीने १९७० मध्ये एसपी-१० आणलं, १९७२ मध्ये एसएल-१२००, आणि त्याच्या १९७९ च्या मार्क टू या सुधारित आवृत्तीत वेग क्वार्ट्झच्या, म्हणजे एकाच ठेक्यात कंप पावणाऱ्या स्फटिकाच्या, ताब्यात दिला. आता वीज ४९ असो की ५१, थाळीला फरक पडत नाही. त्यातली सरकपट्टी वेग आठ टक्के वर-खाली करते. डीजे लोक ती गाणी जुळवायला वापरतात, तुम्ही आपल्या पेटीचा षड्ज जुळवायला वापरा. हे डीजेचं यंत्र आहे, म्हणून शास्त्रीयवाले नाक मुरडतात, ते मला अजिबात पटत नाही.

आता माझं सगळ्यात लाडकं यंत्र. इंग्लंडमधल्या स्विंडनचं गॅरार्ड ३०१, पन्नासच्या दशकातलं. मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबराचं चाक घासत फिरतं, त्याला आयडलर म्हणतात. आवाज मोठा झाला की खाचेत सुई जास्त अडते आणि हलकं यंत्र नकळत दबतं. गॅरार्ड दबत नाही. लावणीतली ढोलकीची थाप आणि तिच्यावर पडणारे चाळ यावर ऐका. थाप अंगावर येते! आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला ठेकाही असाच. मात्र चाकाची घरघर थोडी सुईपर्यंत पोचते. ढोलकीत ती बुडून जाते, पहाटेच्या आलापीत मात्र ऐकू येते. म्हणून माझ्याकडे गॅरार्डवर ख्याल क्वचितच लागतो.

नाट्यसंगीतासाठी मात्र त्याला पर्याय नाही. बालगंधर्वांची पदं लाखेच्या तबकड्यांवर आहेत, आणि त्या सगळ्या मिनिटाला अचूक ७८ फेऱ्यांवर मुद्रित झाल्या होत्या असं समजू नका. मूळ मुद्रण ७५ वर झालं असेल आणि आपण ७८ वर वाजवलं, तर सूर चार टक्के चढतो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणारा गायक पांढरी दोनच्या दिशेने सरकतो आणि आवाज पातळ, घाईचा वाटतो. गॅरार्डला ७८ चा वेग आहे आणि तो थोडा कमी-जास्त करायची कळही आहे. थॉरेन्स कंपनीच्या टीडी १२४ या टर्नटेबलमध्येही ती सोय आहे. पेटी जवळ घ्या, त्या काळची पट्टी धरा आणि कळ फिरवत आवाज माणसाचा वाटेपर्यंत आणा. सुईही वेगळी लागते. एलपीच्या (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डच्या) सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लाखेच्या तबकडीला सुमारे ७५ चं. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसती धूळ उकरते. शिवाय डावा-उजवा असे दोन्ही चॅनेल जोडून मोनो, म्हणजे एकच आवाज, करा, खरखर बरीच उतरते.

जाता जाता, पुण्याच्या जुन्या बाजारातून रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी. बुधवारी, रविवारी मीही तिथे असतो. रेकॉर्ड घरी आणून लावली की टोनआर्मकडे बघा. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. दर फेरीला आर्म डावी-उजवीकडे झुलत असेल, तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. अशा रेकॉर्डवर भूपाचा गंधार कुठल्याही यंत्रावर डोलणारच, टर्नटेबल बदलू नका. मी असं भोक कानशीने अगदी थोडं रुंद करतो, रेकॉर्ड केसभर सरकवतो, पुन्हा आर्म बघतो. तीन-चार वेळा करावं लागतं. आर्म झुलायचा थांबला की रेकॉर्ड तशीच ठेवायची आणि सुई पहिल्या खाचेवर आणायची.