ऑन-रोडच्या पोटात काय काय?

(दृश्य: गुढीपाडव्याची सकाळ. शोरूमच्या अंगणात नव्या गाड्यांची रांग, बॉनेटवर झेंडूच्या माळा, लाल सॅटिनचे पडदे.)

पाडव्याचा मुहूर्त. पुण्यातल्या एका शोरूमबाहेर गाड्या रांगेत उभ्या आहेत. चाकाखाली लिंबू, हातात नारळ, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आणि फोटोग्राफर शोरूमचाच. एक कुटुंब फोटो काढून सरकतं, की दुसरं त्या जागी येतं.

पांढऱ्या गाडीशेजारी उभे आहेत ते गृहस्थ शाळेत शिक्षक आहेत. इथे आपण त्यांना नुसतं सर म्हणू. या फोटोच्या थोडं आधी, आतल्या टेबलावर, त्यांना एक नवा कागद मिळाला होता. बुकिंगच्या वेळी सही केलेल्या कोटेशनपेक्षा त्यावरचा आकडा २३,४०० रुपयांनी जास्त होता.

(दृश्य: टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. बोट ओळीवरून फिरतं.)

हे दोन्ही कागद नीट पाहा. डावीकडचा सहीचा. एक्स-शोरूम नऊ लाख. आरटीओ १,१२,५००. विमा ४८,०००. एकूण ऑन-रोड, म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत, १०,६०,५००. उजवीकडचा डिलिव्हरीच्या दिवसाचा. वरच्या तीन ओळी त्याच, खाली दोन वाढल्या आहेत. हँडलिंग चार्जेस ८,५००. एसेन्शियल किट १४,९००. किट म्हणजे चटया, मडफ्लॅप, सीटकव्हर आणि सुगंधाची एक बाटली.

सरांनी विचारलं, हे कधी ठरलं? उत्तर मिळालं, "सर, ते सगळ्यांनाच लागतं. सिस्टिममध्येच आहे."

पाहुणे बाहेर खोळंबलेले आणि मुहूर्त टळायला आलेला. कर्ज तर बँकेनं आधीच परस्पर डीलरच्या खात्यात जमा केलेलं. अशा वेळी माणूस पैसे भरतो. सरांनीही भरले. किटचं बिल ॲक्सेसरीच्या काउंटरवरून मिळालं. हँडलिंगचे पैसे मात्र वेगळ्याच क्यूआर कोडवर गेले, त्याची पावती नाही.

(दृश्य: समाधानपत्राचा क्लोजअप. सहीखाली निळ्या शाईतली ओळ.)

पण ही ओळ बघा. डिलिव्हरीच्या समाधानपत्रावर सही करताना सरांनी खाली लिहिलं, 'हँडलिंग व किटची रक्कम हरकत राखून भरली.' त्याचा तिथेच मोबाइलवर फोटोही काढून ठेवला. 'सर्व बाबी समजून मान्य' असं छापलेल्या कागदावर ही ओळ नसती, तर पुढचं सगळं अवघड झालं असतं.

(दृश्य: आरटीओचं फाटक, नंबरप्लेट बसवणारे हात.)

आता हँडलिंग म्हणजे नेमकं काय हाताळलं? कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. मग उरलं नोंदणीचं काम. मोटार वाहन कायद्याचं कलम ४१ हे २०१९ साली बदललं. गाडी डीलरच्याच राज्यात नोंदवायची असेल, तर नोंदणीचा अर्ज डीलरनंच करायचा आणि नंबर लागल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची नाही, असं ते सांगतं. कायद्यानं जे काम डीलरवर टाकलंय, त्याचीच मजुरी गिऱ्हाइकाकडून घेतली जाते. कुठे त्याला लॉजिस्टिक म्हणतात, कुठे डेपो, कुठे फॅसिलिटेशन. बारसं दर वर्षी नवं.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर सरकारचं 'वाहन' पोर्टल, शुल्काची पावती उघडते.)

सरांचा राग हँडलिंगवर होता. आम्हाला जास्त रस होता तो वरच्या ओळीत, जिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. आरटीओ, १,१२,५००. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के. नऊ लाखांवर ९९,००० झाले. कराच्या दोन टक्के रस्ता सुरक्षा उपकर, १,९८०. नोंदणी ६००, स्मार्टकार्ड २००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. करा बेरीज. एक लाख तीन हजार आणि काहीशे. सरकारी पावतीवरही तेवढाच आकडा आहे. मग कोटेशनमधले वरचे नऊ हजार कुठे गेले? हा आकडा सहीच्या कागदावर पहिल्या दिवसापासून होता. हँडलिंग निदान स्वतःच्या नावानं तरी आलं होतं.

(दृश्य: शेजारच्या मोठ्या गाडीचं बिल.)

जाता जाता एक. दहा लाखांच्या वरच्या गाडीच्या बिलात एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं बिलातच गोळा केलेला प्राप्तिकर, दिसतो. त्यावरून शोरूममध्ये भांडू नका. तो १ जून २०१६ पासून कायद्यानं घेतला जातो आणि प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

विम्याची ओळही तपासण्यासारखी आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारं कव्हर) आणि बाकीची कव्हरं तुमच्या मर्जीची. 'बाहेरून विमा आणलात तर डिस्काउंट जाईल' हे वाक्य सरांना फोनवर ऐकवलं गेलं. लेखी मागितलं, तर कुणी दिलं नाही.

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर फाइल, झेरॉक्स, स्टेपलर. कन्येची मदत.)

मग कागद लावायला घेतले. कोटेशन, बुकिंग फॉर्म, बँकेला दिलेला प्रोफॉर्मा (कच्चं बिल), टॅक्स इन्व्हॉइस, आरटीओची पावती, पॉलिसी, यूपीआयचा स्क्रीनशॉट. आधी डीलरला ईमेल, त्याची प्रत गाडीच्या कंपनीला. मागणी एकच, प्रत्येक रक्कम कशाची ते लेखी द्या, नाहीतर परत करा. पाठोपाठ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. डीलरला ट्रेड सर्टिफिकेट (नोंदणी न झालेल्या गाड्या धंद्यासाठी बाळगायचा परवाना) देणारं कार्यालय आरटीओ, म्हणून एक अर्ज तिथेही. हेल्पलाइनमार्फत डीलरचं उत्तर आलं, 'ग्राहकाने स्वेच्छेने सही केली आहे.'

या सहीवर सगळ्यांचं घोडं अडतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्याय्य कराराची तरतूद आहे, पण ती तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. ८,५०० रुपयांसाठी राज्य आयोग का गाठावा? म्हणून तक्रारीची मांडणी बदलली. रकमेची पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच म्हणणं ही निर्बंधात्मक प्रथा. या दोन्ही तक्रारी जिल्हा आयोगापुढे चालतात, आणि राहत्या जिल्ह्यात करता येतात. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही. फी वादाच्या रकमेवर नसते, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर असते. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये. १ जानेवारी २०२५ पासून ग्राहक आयोगांचं ई-जागृती पोर्टल सुरू आहे, सरांनी तक्रार तिथूनच भरली.

(दृश्य: आयोगाच्या इमारतीचा जिना, हातात फाइल घेतलेली माणसं.)

डीलरला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ते पक्कं केलं आहे. डीलरच्या वकिलांनी आरटीओची सरकारी पावती पाहिली आणि पुढच्या तारखेला तडजोडीची भाषा सुरू झाली. हँडलिंगचे पैसे आणि आरटीओतला फरक सरांच्या खात्यात परत आला. किटचे आले नाहीत. चटया गाडीत अंथरलेल्या होत्या.

(दृश्य: बिलांच्या प्रती स्कॅन होताना.)

त्या पाडव्याला याच शोरूममधून गाड्या नेलेल्या बाकीच्यांना या तडजोडीतून काही मिळत नाही. मात्र एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना, आयोगाच्या परवानगीनं, कलम ३५ खाली एकत्र तक्रार करता येते. सरांनी आपल्या इमारतीतून आणि शाळेतून तशी बिलं गोळा करायला सुरुवात केली आहे. तुमची गाडी दोन वर्षांच्या आतली असेल, तर आरटीओची पावती 'वाहन' पोर्टलवरून काढा आणि कोटेशनशेजारी ठेवून पाहा. फरक निघाला, तर दोन्हींच्या प्रती सरांना द्या.