बायबल अभ्यासाचं रेकॉर्डिंग: काय ऐकवायचं, काय राखायचं

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

रविवारचा उपदेश आता बऱ्याच मंडळ्यांमध्ये रेकॉर्ड होतो आणि सोमवारपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतोही. आठवड्यातल्या बायबल अभ्यासाचं मात्र काहीच उरत नाही. दहा-बारा माणसं सतरंजीवर बसतात, शास्त्रभाग वाचतात, तास-दीड तास बोलतात आणि घरी जातात. माझं म्हणणं असं की, पॉडकास्ट करायचाच असेल तर या अभ्यासाचा करा. पण उपदेश जसा सरळ उचलून पाठवतो तसा अभ्यास पाठवता येत नाही. आज मी जास्त त्याबद्दलच बोलणार आहे.

मत्तयाचा २० वा अध्याय घ्या, द्राक्षमळ्यातले मजूर. पहाटे आलेल्यालाही एक दिनार आणि दिवस कलताना तासभरासाठी आलेल्यालाही एक दिनार. यावर कृपेचा उपदेश आपण सगळ्यांनी ऐकला आहे. एका अभ्यासात हाच भाग चालू होता. बांधकामावर आयुष्य काढलेले एक काका म्हणाले, “मजूर अड्ड्यावर संध्याकाळपर्यंत कोण उभा राहतो? ज्याला सकाळपासून कोणी उचललं नाही, तो. म्हातारा, अंगानं खचलेला. त्याची पोरं काय अर्धीच भाकरी खातात?” थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, “ते खरं, पण दिवसभर उन्हात राबलेल्यानं कुरकुर केली तर त्याचं काय चुकलं? मीसुद्धा केली असती.” तिथून जो वाद सुरू झाला तो घड्याळ बघून थांबवावा लागला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हे मी वाचलेलं होतं. ती हुकली की त्या रात्री चूल पेटत नाही, हे मला काकांनी शिकवलं. असं बोलणं उपदेशात येत नाही, कारण उपदेशात मावशींना मध्ये बोलता येत नाही.

विचारत विचारत शिकण्याची ही रीत मराठीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. त्या ओव्यांमध्ये ऐकणारे शंका काढतात आणि पाद्री उत्तर देतात. आणि खुद्द बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायात, फिलिप्प त्या हबशी अधिकाऱ्याच्या रथाजवळ जातो, तेव्हा अधिकारी वाचत असलेलं यशयाचं वचन त्याच्या कानावर पडतं. ‘समजतं का?’ असं फिलिप्प विचारतो. ‘कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार?’ असं उत्तर येतं आणि दोघं शेजारी बसतात. रात्रपाळीला असलेली आपली नर्स बहीण, डोळ्यांनी अधू झालेली आजी, आखातात नोकरीला गेलेला मुलगा यांना अशा कोणाच्या तरी शेजारी बसायला मिळावं, यासाठी हा खटाटोप.

आता यंत्राचं थोडक्यात सांगतो. मधोमध एक फोन ठेवून काम भागत नाही. अंतर दुप्पट झालं की पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते. म्हणून फोनजवळ बसलेल्या पाळकसाहेबांचा आवाज खणखणीत येतो आणि दाराशी बसलेल्या मावशींचा येतच नाही. दोन-तीन माइक वर्तुळात वाटून ठेवा आणि जो सगळ्यांत हळू बोलतो त्याच्यापुढे एक ठेवाच. पत्र्याचं छत आणि शहाबादी फरशी असेल तर आवाज घुमतो. जाड सतरंज्या अंथरा, पडदे ओढा. माइकवर थेट वारा येईल असा पंखा नको. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येतो. फाइल मोनोमध्ये, ६४ केबीपीएसची केली तर एक तासाचे साधारण २९ एमबी होतात, गावाकडच्या डेटा पॅकलाही ते परवडतं. ऐकणाऱ्याच्या हातात पुस्तक नसतं, म्हणून भाग आधी पूर्ण वाचा आणि बोलताना “वरच्या वचनात” म्हणण्याऐवजी अध्याय आणि वचनाचा आकडा सांगा.

वाचनासाठी कोणतं भाषांतर घेता तेही बघा. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याच्या शेवटापर्यंत, १९२२ पर्यंत, जे भाषांतर केलं त्यावर आता कोणाचा हक्क नाही. हल्लीच्या भाषांतरांवर आहे, तेव्हा प्रकाशकाची लेखी परवानगी मागा. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या गीतांचे शब्द मोकळे आहेत. पण दुसऱ्या कोणी गाऊन ध्वनिमुद्रित केलेलं गीत सुरुवातीला लावून देऊ नका.

आता ज्यासाठी मी आलो ते.

अभ्यासात माणूस वचनाबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलू लागतो. उधळ्या पुत्राचा भाग चालला असेल तर कोणाला तरी आपला घर सोडून गेलेला मुलगा आठवतोच. नवऱ्याचं पिणं, सावकाराचं कर्ज, डॉक्टरांनी काल सांगितलेला आजार, हे सगळं त्या खोलीत बोललं जातं. कारण ती खोली आहे, चार भिंती आहेत आणि समोरची माणसं ओळखीची आहेत. ते बाहेर जाता कामा नये. नाव कापून उपयोग नाही, तालुक्याच्या गावात आवाजावरून माणूस ओळखतात. काही जण तर घरच्यांना न सांगता अभ्यासाला येतात. त्यांचा साधा खोकलाही ऐकू येऊ देऊ नका. एकदा भाग लोकांच्या फोनमध्ये उतरला की तुम्ही तो काढून टाकला तरी त्यांच्याकडचा जात नाही.

प्रार्थनेच्या विनंत्या सुरू होण्याआधी रेकॉर्डिंग बंद करा आणि बंद झाल्याचं मोठ्यानं सांगा. चर्चेतच साक्ष, म्हणजे कोणाची स्वतःची हकिगत, आली तर ती कापा. ती ठेवावी असं फारच वाटलं तर त्या व्यक्तीला विचारा, पण त्याच रात्री नको. प्रार्थनेनंतर मन भरून आलेलं असतं, तेव्हा कोणीही हो म्हणतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या, तो तुकडा तिला ऐकवा आणि मग विचारा. आणि पाळकसाहेब, माफ करा, हे तुम्ही विचारू नका. तुम्हाला नाही म्हणणं आपल्या लोकांना जमत नाही. तिच्या बरोबरीच्या बहिणीला विचारू द्या.

उलट बाजूही सांगतो. कापायला बसलं की हात सैल सुटतो. अडखळणं कापलं जातं, शांतता कापली जाते, “मला हे पटत नाही” असं म्हणणारा तरुण कापला जातो, आणि शेवटी पुन्हा उपदेशच उरतो. काकांनंतरची ती शांतता मी कापू देणार नाही. ज्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तो उत्तराविना जाऊ द्या. घरी ऐकणाऱ्यालाही तोच प्रश्न पडलेला असेल.

माइक बघून सुरुवातीला माणसं पुस्तकी मराठी बोलू लागतात आणि बायका गप्प होतात. म्हणून पहिले काही आठवडे नुसतं रेकॉर्ड करा, बाहेर काहीच देऊ नका, गटातच बसून ऐका. कोणाला आपला आवाज नको असेल तर त्याला अभ्यास सोडावा लागू नये, त्याच्यापुढचा माइक तेवढा उचला. आणि कोणताही भाग बाहेर जाण्याआधी त्यात बोललेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला असावा. एकानेही नको म्हटलं तर तो भाग तिथेच थांबवा.